खासगी नर्सिंग कॉलेजात बहिणीचा प्रवेश घ्यावा की थांबावे?

गोदाकाठ (तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा निर्णय येत्या दहा-बारा दिवसांत घ्यावा लागणार आहे. घरात या क्षेत्राची माहिती कोणालाच नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहीत आहे.

बहीण बारावी विज्ञान शाखेतून ६८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. त्यानंतर लातूरला एक वर्ष राहून तिने नीटची तयारी केली, पण वैद्यकीयला लागतील एवढे गुण मिळाले नाहीत. बी. एस्सी. नर्सिंगची सीईटीही तिने दिली असून तिथले गुण मध्यम आहेत. नर्सिंग हा तिचा नाइलाज नाही. आजी आजारी असताना दवाखान्यातले सगळे तिनेच पाहिले, आणि तेव्हापासून तिच्या मनात हेच आहे.

गेल्या आठवड्यात एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. संस्थेच्या कोट्यातून थेट प्रवेश देतो, वर्षाचे शुल्क ९५,००० रुपये आणि वसतिगृह व मेस मिळून आणखी ६०,००० रुपये होतील, असे त्याने सांगितले. शासनाच्या प्रवेश फेरीची वाट पाहत बसलात तर जागा हातची जाईल, तेव्हा २५,००० रुपये आणि मूळ कागदपत्रे आताच जमा करा, असा त्याचा आग्रह आहे. शंभर टक्के नोकरीची हमीही त्याने तोंडी दिली. आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि कापूस घेतो. वडील म्हणतात की कर्ज काढू आणि कमी पडले तर एक एकर गहाण टाकू. वर्षभर थांबायचे म्हटले तर नातेवाईक स्थळे आणू लागतील, ही भीती बहिणीने माझ्याजवळ बोलून दाखवली आहे आणि ती खोटी नाही. आम्ही ओबीसी प्रवर्गातले आहोत, कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे. खासगी कॉलेजातून शिकलेल्या मुलींचे पुढे काय होते, हे प्रत्यक्ष अनुभवातून कोणी सांगू शकेल का?

वॉर्डातली सिस्टर

दादा, मी स्वतः मराठवाड्यातल्याच एका खासगी कॉलेजातून बी. एस्सी. नर्सिंग केले आहे आणि आज शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. म्हणजे खासगीतून शिकलेल्या मुलीचे वाटोळेच होते असे नाही. पण माझी मधली तीन वर्षे कशी गेली, ते तुम्हाला कळले पाहिजे.

नर्सिंग वर्गात बसून येत नाही, ते वॉर्डात येते. म्हणूनच कॉलेजला स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे, तिथल्या निदान ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात आणि तीन रुग्णांमागे एक विद्यार्थी असे प्रमाण असावे, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात. आमच्या कॉलेजच्या रुग्णालयाची पाटी १०० खाटांचीच होती. एरवी आत दहा-बारा रुग्ण असत, आणि त्यांतले निम्मे सर्दी-तापाचे.

दुसऱ्या वर्षी तपासणी समिती येणार होती, तो दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या दोन गावांतल्या बायका-माणसांना जीपमधून आणून खाटांवर झोपवण्यात आले आणि प्रत्येकाच्या नावाचा केस पेपर आम्ही विद्यार्थिनींनी आदल्या रात्री बसून लिहिलेला होता. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती. मी तिच्या हातावर कोरडीच पट्टी गुंडाळत होते, तेव्हा तिने हळूच विचारले, "बाई, मला काय झालंय म्हनून सांगू?" मी केस पेपर पाहून तिला सांगितले, "मावशी, तुम्हाला निमोनिया झालाय." संध्याकाळी जीप त्यांना परत सोडून आली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रिकाम्या वॉर्डात ड्यूटीला गेलो.

याचे मोल मला पदवीनंतर चुकवावे लागले. अभ्यासक्रमाप्रमाणे विद्यार्थिनीला ठरावीक संख्येने सामान्य प्रसूती स्वतः कराव्या लागतात. माझ्या केस बुकात अशा दहा आहेत, प्रत्यक्षात मी दोन केल्या होत्या आणि उरलेल्या आठ सीनिअर मुलींच्या वहीतून उतरवल्या होत्या. पहिली नोकरी ४० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात महिना ९,००० रुपयांवर लागली. तिथल्या पहिल्याच नाइटला जुलाबाने सुकलेल्या एका दीड वर्षाच्या बाळाला सलाईन लावायचे होते आणि मला शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचल्यावर बाळाच्या आईने माझा हात धरला. शेवटी बारा वर्षे काम केलेल्या, जी. एन. एम. (नर्सिंगची पदविका) झालेल्या सिस्टरांनी येऊन एका झटक्यात शीर पकडली. पुढचे वर्षभर मी त्यांच्या हाताखाली शिकले, म्हणून आज या कामात टिकून आहे.

तुमच्याकडे आलेल्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका. त्या रुग्णालयात स्वतः जा, न कळवता जा, आणि एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी अकरा वाजता जा. ओपीडीसमोर रांग आहे का, लेबर रूम उघडी आहे का, खाटेवरच्या माणसाला भेटायला नातेवाईक आले आहेत का, हे पाहा. खरा रुग्ण असला की त्याच्या खाटेखाली पिशवी, डबा आणि चप्पल असतेच. बहिणीला सोबत न्या आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीलाच बोलू द्या, कारण भावासमोर किंवा वडिलांसमोर त्या मुली मोकळेपणाने बोलणार नाहीत.

हिशेबाची वही

मी बँकेत शैक्षणिक कर्जाचे काम पाहिले आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूने लिहितो. वरच्या ताईंनी जे लिहिले तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, पण घरी आलेला तो माणूस तुमच्यापासून एक मोठी गोष्ट लपवत आहे.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींना मिळते. संस्थेच्या कोट्यातून थेट प्रवेश घेतला की ती हातची जाते. तुमची बहीण या सवलतीच्या सगळ्या अटींत बसत असताना तिला फेरीच्या बाहेर काढण्याची घाई तो माणूस करत आहे. फेरीतून तिला खासगी कॉलेज मिळाले तरी हरकत नाही. मात्र ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या यादीत आहे, याची खात्री प्रवेश निश्चित करण्याआधी करून घ्या. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर उद्याच तहसीलला जा, कारण दरवर्षी कितीतरी मुलींची सवलत केवळ या कागदांपायी अडकते.

आता कर्जाचा हिशेब. वर्षाला १,५५,००० म्हणजे चार वर्षांचे ६,२०,००० रुपये होतात. शैक्षणिक कर्जात शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. दर १० टक्के धरून, दरवर्षी उचललेल्या रकमेवर साध्या व्याजाने मोजले तरी पाच वर्षांत २,१७,००० रुपये व्याज साचते आणि परतफेडीला ८,३७,००० रुपये उरतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिन्याला सुमारे ११,००० रुपये बसतो. ताईंचा पहिला पगार ९,००० होता, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. ती आपल्या भागातल्या रुग्णालयांनी मनावर घेतलेली मी तरी पाहिलेली नाही. शासकीय सेवेत अधिपरिचारिकेचा मूळ पगार ३५,४०० रुपयांपासून आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचा ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो. त्या पगारात हा हप्ता जड जात नाही, परंतु तिथवर पोहोचायला स्पर्धा परीक्षा द्यावी लागते आणि तोपर्यंत हप्ता थांबत नाही.

जमीन गहाण टाकू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. कर्जाची वेळ आलीच तर ते बँकेकडूनच घ्या, सावकाराकडून नको. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही.

आणखी एक गोष्ट. खासगी विनाअनुदानित कॉलेजचे शुल्क ठरवण्याचा अधिकार २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाला दिला आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर शुल्क पाहायला मिळते, ते त्या माणसाने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहा. शिक्षणसंस्थेने विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये आणि देणगी घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यातच सांगितले आहे. तेव्हा पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शिकवणारी

मी दहा वर्षे खासगी नर्सिंग कॉलेजांतच शिकवत आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. मराठवाड्यातल्या शासकीय जागा मोजक्या आहेत आणि खासगी कॉलेजे नसती तर आमच्याकडे आलेल्या शेकडो ग्रामीण मुलींना या व्यवसायाचे दारच उघडले नसते. ज्या संस्थेचे रुग्णालय खरोखर चालते, तिथे मुली उत्तम तयार होतात. कधीकधी शासकीय रुग्णालयापेक्षाही बरे शिकतात, कारण तिथे एका खाटेभोवती विद्यार्थ्यांची एवढी गर्दी नसते. माझ्या तीन विद्यार्थिनी आज एम्समध्ये आहेत.

पण ताईंनी सांगितलेली जीप मीही पाहिलेली आहे, हे मान्य केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. आणखी एक प्रकार बाहेरच्यांना दिसत नाही, तो शिक्षकांचा. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असा निकष आहे. काही ठिकाणी हजेरीपटावर वीस नावे असतात आणि त्यांतली निम्मी माणसे फक्त तपासणीच्या दिवशी दिसतात. म्हणून मुलींना, "वॉर्डात तुमच्याबरोबर कोण उभे राहते?" असे विचारा. मॅडमचे नाव पटकन सांगता आले तर तिथे शिकवणे चालू आहे असे समजा. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या तर तिथून निघा.

बी. एस्सी.साठी त्या वर्षाची आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, दोन्ही तपासा. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मूळ कागदपत्रे प्रवेशाआधी कोणाच्याही हाती देऊ नका. ती परत मिळवण्यासाठी पूर्ण चार वर्षांचे शुल्क मागितल्याच्या घटना मी जवळून पाहिल्या आहेत.

वर्ष वाया जाण्याची भीती असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या जी. एन. एम. प्रशिक्षणाचाही विचार व्हावा. तीन वर्षांत ते पूर्ण होते, खर्च फार कमी असतो आणि भरलेल्या वॉर्डात हात चालतो. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग करून पदवी घेता येते. लोक जी. एन. एम.ला कमी लेखतात, ते मला कधीच पटलेले नाही.

गोदाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल बुधवारी मी आणि बहीण कोणालाही न सांगता त्या कॉलेजच्या रुग्णालयात जाऊन आलो.

अकरा वाजता ओपीडीत चार माणसे होती. वरच्या मजल्यावरच्या दोन वॉर्डांत मिळून सोळा रुग्ण मोजले, आणि सिस्टरांनी सांगितलेली पिशवी-डब्याची खूण लावून पाहिली तर नऊच खरे वाटले. लेबर रूमला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे तिथल्या मुलीला सांगता आले नाही. बहीण वसतिगृहाच्या दारात तिसऱ्या वर्षाच्या दोघींशी अर्धा तास बोलली. परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. गंगाखेड जवळ आल्यावर म्हणाली, "दादा, त्या दोघींनी अजून एकही बाळंतपण पाहिलेलं नाही." प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचे मंजूर शुल्क आम्हाला सांगितलेल्या आकड्यापेक्षा २२,००० रुपयांनी कमी निघाले.

त्या माणसाला आम्ही नाही म्हणून कळवले आहे. कॅप फेरीसाठी पर्याय भरताना ज्यांची रुग्णालये चालती आहेत अशीच कॉलेजे वर ठेवली आहेत, त्यांत दोन खासगीही आहेत. जी. एन. एम.चा अर्जही जोडीला भरणार आहोत. नॉन-क्रिमीलेअरसाठी वडील आज सकाळीच तहसीलला गेले आहेत. स्थळांविषयी मी आईशी बोललो. बहिणीच्या हाती नोंदणीचे प्रमाणपत्र येईपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही, असे तिनेच मामांना फोन करून सांगितले.

शिकवणाऱ्या मॅडमना एक विचारायचे आहे. आमच्या पर्यायांत वरच्या क्रमांकावर एक कॉलेज आहे ज्याचे स्वतःचे रुग्णालय लहान आहे, परंतु मुलींना आठवड्यातून चार दिवस जिल्हा रुग्णालयात ड्यूटीला पाठवतात असे तिथे शिकणाऱ्या मुलीने सांगितले. अशा ठिकाणी वॉर्डात शिक्षक सोबत असतात का, की मुलींना नुसते सोडून दिले जाते? पर्याय बदलण्याची मुदत शनिवारपर्यंत आहे.

शिकवणारी

दोन्ही प्रकार घडतात. शुक्रवारी सकाळी थेट जिल्हा रुग्णालयातच जा आणि त्या कॉलेजच्या गणवेशातल्या मुली कुठे आहेत ते पाहा. त्या खाटेजवळ असतील आणि सोबत त्यांच्या मॅडम असतील, तर पर्याय आहे तिथेच ठेवा. त्या जिन्यात किंवा कँटीनमध्ये बसलेल्या दिसल्या, तर ते कॉलेज यादीत खाली घ्या.