प्रतिसाद: नुसत्या जार फाइली बदलून भागत नाही

माइनक्राफ्ट गेमच्या १.१२.२ आवृत्तीचा मॉडपॅक (गेममध्ये भर घालणाऱ्या मॉडचा संच) १.२०.१ वर न्यायला मॉडच्या नव्या जार फाइली टाकल्या की झालं का विचारतोयस, तर नाही रे बाबा, मी नि मावसभाऊ दिवाळीच्या सुट्टीत कोथरूडला त्याच्याकडे बसून हेच करत होतो, चार रात्री गेल्या. जावा (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) आधी बघ, जुन्याला आवृत्ती ८ चालायची, आता १७ लागते. खरी डोकेदुखी क्राफ्टट्वीकर या मॉडच्या स्क्रिप्टा, म्हणजे वस्तू बनवायच्या रेसिपी बदलणाऱ्या फाइली. माइनक्राफ्ट १.१३ पासून केशरी लोकर वूल:१ (नाव आणि क्रमांक) राहिली नाही, तिला ऑरेंज वूल असं स्वतःचं नाव मिळालं, वेगवेगळ्या मॉडच्या सारख्या वस्तू एका नावाखाली आणणारी ओअर डिक्शनरी जाऊन त्या कामाला टॅग आले, त्यामुळे आमच्या तांब्याच्या सगळ्या रेसिपी मेल्या, त्यात १.१७ पासून तांबं मूळ गेममध्येच आलंय मग मॉडवाल्या तांब्याचं करायचं काय यावर रात्री दोनला भांडण (मावशी आतून म्हणाली, माळ्यावर हंडा आहे तो घेऊन जा). गेम क्रॅश झाला की अर्धे मॉड काढून चालवून बघ, मग उरलेल्यातले अर्धे, चोर लवकर सापडतो, फक्त लायब्ररीवाले मॉड (बाकीचे मॉड ज्यांच्यावर चालतात ते) काढू नकोस. आणि जुनं वर्ल्ड (आधीचा सेव्ह केलेला खेळ) नव्या पॅकमध्ये उघडू नको. आम्ही बॅकअप न घेता उघडलं, दोन वर्षांचा कारखाना गायब, उरल्या नुसत्या दगडी भिंती.