काय बे की काय रांग? आई-अण्णांसोबत मेकाँगची एक दिवसाची सहल, मदत हवी आहे

होटगी रोड

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून सोलापूरकर हसले असतील, तर आधी हसून घ्या. 'काय बे' आणि 'काय रांग' ही दोन्ही व्हिएतनाममधल्या तरंगत्या बाजारांची नावं आहेत. परवा एजंटकडे गेलो होतो. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "चौथ्या दिवशी काय बे." अण्णा म्हणाले, "मी कुठं काय म्हणलो?"

तर मुद्दा. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) झाला की मी, बायको, आई आणि अण्णा असे चौघं आठ दिवस व्हिएतनामला निघालोय. (नंदीध्वजांची मिरवणूक सोडून अण्णा कुठंच येत नाहीत, त्यामुळं त्याआधीची तारीख नव्हतीच.) सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून थेट विमानानं हो ची मिन्ह सिटी. व्हिसा ऑनलाइन मिळतो, माणशी २५ डॉलर, ते काम झालं. बाकी सगळं ठरलंय, अडलंय ते एका दिवसावर.

एजंटच्या कागदावर लिहिलंय: 'मेकाँग डेल्टा, पूर्ण दिवस, गाईडसह. तरंगता बाजार, चार बेटं, नारळाच्या गोळ्यांचा कारखाना, होडीतून फेरी, जेवण.' सकाळी ८ ला हॉटेलवरून गाडी, संध्याकाळी सहाच्या आत परत. एका दिवसात एवढं सगळं बसतं का?

हे विचारायचं कारण अण्णा. मार्केट यार्डात त्यांची चाळीस वर्षं कांद्याची अडत होती. रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे तेव्हापासूनचा माणूस. त्यांना देवळं नकोत, समुद्र नको, युद्धाचं संग्रहालय तर अजिबात नको. नावेत घाऊक बाजार भरतो एवढंच त्यांनी कुठंतरी टीव्हीवर बघितलंय आणि तेवढ्यासाठी ते यायला तयार झालेत. तो बाजारच हुकला तर उरलेले सात दिवस मला ऐकून घ्यावं लागेल.

अडचणी दोन. अण्णांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललीय, मांडी घालून बसता येत नाही. आणि आई पाण्याला घाबरते. पंढरपूरला चंद्रभागेत पुंडलिकाच्या देवळापर्यंत होडीतून जाणं एवढाच तिचा अनुभव, तोही डोळे मिटून. त्यात मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशी बोट उलटून सहा जण गेले. आईचं माहेर करमाळ्याकडचं. तेव्हापासून नावेचं नाव काढलं तरी ती गप्प होते. शिवाय आम्ही लिंगायत. मांस-मासे नाहीत, अंडंही नाही.

कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन ही सहल केलीय का? जाणकारांनी सांगावं.

सायगावकर

मी तीन वर्षं इथं नोकरीला आहे (आयडी बघून कळलंच असेल). आधी वाईट बातमी. आठला सायगावहून (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव, इथं अजून तेच म्हणतात) निघून तरंगता बाजार बघता येत नाही. बाजार उजाडायच्या आधी भरतो, पाच ते सात ही त्याची खरी वेळ. नऊपर्यंत बहुतेक नावा पांगलेल्या असतात.

एक दिवसाच्या बहुतेक सहली 'मी थो' आणि 'बेन त्रे' या गावांकडं जातात. मी थो सायगावपासून सुमारे ७० किमी, म्हणजे तुमचं सोलापूर-पंढरपूर. तिथं बेटं आहेत, बाजार नाही. काय बे त्याच्या पुढं. तिथला बाजार आता नावापुरताच राहिलाय, पण छापील कागदांवरून काही गेला नाही. दुपारी अकराला नेऊन दोन-चार नावा दाखवतात आणि गाईड म्हणतो, "यू आर लिटल लेट."

बघण्यासारखा बाजार राहिलाय तो काय रांगचा, कान थो शहराजवळ. कान थो सायगावपासून साधारण १७० किमी. रस्ता चांगला असला तरी साडेतीन-चार तास धरा. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन तिथं मुक्काम करायचा आणि पहाटे पाचला निन्ह किएउ धक्क्यावरून बोट घ्यायची. अर्ध्या-पाऊण तासात बाजारात पोचता. सायगावहून रात्री दोनला निघणाऱ्या गाड्याही आहेत, पण वाटी बदललेल्या माणसाला घेऊन तो उद्योग करू नका.

तिरकस आजोबा

बेट बघायचं तर सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे. पाणी बघायचं तर उजनी. कांदा बघायचा तर घरचा यार्ड. माणशी लाखभर वाचले. चहा पाजा.

कडक भाकरी

आजोबा, तुमचं चालू द्या.

@होटगी रोड, मी गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन मी थो-बेन त्रेची एक दिवसाची ग्रुप टूर केली. बाजार नव्हताच, पण दिवस वाईट गेला नाही. आधी विन्ह त्रांग पॅगोडा. तिथं बुद्धाच्या भल्यामोठ्या मूर्ती आहेत, एक उभी, एक पहुडलेली आणि एक पोट सुटलेली हसरी. सासूबाई हसऱ्या बुद्धापुढून हलेनात. मग मोटरबोटीनं तिएन नदी (मेकाँगचाच एक फाटा) ओलांडून बेटावर. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ म्हणजे नुसती हिरवी रेघ. चार बेटांची नावं ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स. चारही बेटांवर उतरवत नाहीत हं, एक-दोनवर उतरवतात, बाकीची बोटीतून 'ते बघा' करून दाखवतात. फिनिक्स बेटावर पूर्वी एक 'नारळ साधू' राहायचा, फक्त नारळावर जगायचा म्हणतात. आईंना ही गोष्ट आवडेल.

बेटावर मधाचा चहा, फळं, दक्षिणेकडची लोकगाणी (यांना २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली), आणि मग गळ्यात अजगर घालून फोटो. अजगराला आधीच नाही म्हणून ठेवा. आमच्या सासऱ्यांच्या खांद्यावर विचारायच्या आत टाकला होता. सापाच्या दारूची बाटलीही फिरवतात, त्यात अख्खा साप असतो.

आता गुडघ्याचं. मोठ्या मोटरबोटीत खुर्च्या किंवा बाकं असतात, काही त्रास नाही. खरी अडचण त्या छोट्या वल्ह्याच्या होडीची. फोटोत दिसते तीच, निपा पामच्या झावळ्यांखालून अरुंद कालव्यातून जाणारी. तिच्यात तळाशी, फळीवर, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. वर चढणं जमतं, बाहेर निघताना दोघांनी काखेत हात घालून उचलावं लागतं. सासऱ्यांना आम्ही तिथं बसवलंच नाही. गाईडनं त्यांना बॅटरीच्या गाडीतून पलीकडच्या धक्क्यावर नेलं. आधी सांगितलं तर सोय होते. आईंनाही त्याच गाडीत घाला. लाइफ जॅकेट असतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि दिले तर पट्टा आपणच ओढून बघायचा.

होटगी रोड

लई उपकार. एजंटला फोन केला. "बाजार कुठला?" तर म्हणे, "तिकडं सगळीकडं पाणीच आहे सर, बाजार असतोच." मग म्हणलो, तो दिवस कापा, आम्ही आमचं बघतो. तिकिटं आणि हॉटेलं त्याच्याकडंच राहू देत.

मग आता असं: एक दिवस मी थो-बेटं करत कान थोला जायचं, मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे बाजार, दुपारी सायगाव. खासगी गाडी आणि गाईड घेतला तर ग्रुपपेक्षा बरंच महाग आहे, पण चौघांत वाटलं जाईल. बरोबर चाललंय ना? आणि २५ जानेवारीच्या आसपास बाजार चालू असतो का? टेट म्हणजे त्यांचं नवीन वर्ष तेव्हाच असतं असं वाचलं.

सायगावकर

बरोबर चाललंय. टेट २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला आहे. टेटच्या दिवसांत बाजार बंद असतो, पण आधीच्या आठवड्यांत उलट गर्दी वाढते. पाऊसही त्या वेळी नसतो. तारीख छान मिळालीय.

अण्णांसाठी एक गोष्ट. प्रत्येक मोठ्या नावेवर एक उंच बांबू उभा असतो, त्याला 'काय बेओ' म्हणतात (पुन्हा तेच, मी काय करू). नावेत जो माल असेल त्याचा नमुना त्याच्या टोकाला टांगतात: अननस, कोबी, भोपळा, रताळी. लांबून बघूनच गिऱ्हाईक नाव वळवतं. आता गंमत अशी की कपडेही टांगलेले असतात, पण ते विकायचे नसतात, वाळत घातलेले असतात, कारण माणसं नावेतच राहतात. कॉफी आणि नूडल्सच्या नावा काहीच टांगत नाहीत, तरी विकतात. आणि बांबूला नुसती झावळी बांधली असेल तर नावच विकायला काढलीय असं समजायचं.

मालाची मोजणीही विचारा गाईडला. इकडं फळांची 'दहाची' गणती कधी बाराची असते, कधी चौदाची. गावागणिक फरक.

बाजार आटत चाललाय हे मात्र घरून निघतानाच सांगून ठेवा. पूल झाले, रस्ते झाले. २०१० मध्ये कान थोचा मोठा पूल झाला. माल आता ट्रकनं थेट शहरात जातो, नावेत घालून कोण बसतंय? २०१६ मध्ये काय रांगला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली, पण मान्यतेनं आवक वाढत नाही.

जाता जाता: जुलै २०२५ पासून तिकडं प्रांतांची फेररचना झालीय. बेन त्रे आता विन्ह लाँग प्रांतात गेलंय. नकाशात वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

अळूवडी

जेवणाचं मी सांगते. 'आन चाय' एवढे दोन शब्द पाठ करा. म्हणजे शाकाहारी. आपल्याला वाटतं चहा मागतोय, पण नाही. पाटीवर 'चाय' दिसलं की निर्धास्त आत जायचं. तिकडचे बरेच बौद्ध लोक पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळं लोकांना ही भानगड कळते. 'व्हेज' म्हणालात तर मात्र भाजी येईल आणि वरून माशाचं पाणी घातलेलं असेल. त्याला 'नुओक माम' म्हणतात. ते नको, असं वेगळं सांगायचं. सहलीच्या जेवणात अख्खा तळलेला मासा उभा करून टेबलावर आणून ठेवतात. आईंना त्या टेबलापासून लांब बसवा. भाकरी आणि शेंगाचटणी न्यालच, सोलापूरचे आहात म्हटल्यावर ते सांगायला नको.

होटगी रोड (३ फेब्रुवारी)

परत आलो. ज्यांनी मदत केली त्यांना हिशेब द्यायला हवा.

पहिला दिवस बेटांचा. आई मोटरबोटीत माझा दंड घट्ट धरून बसली, पण डोळे उघडे होते. नारळाच्या गोळ्यांच्या कारखान्यात ती सगळ्यात जास्त रमली. मोठ्या कढईत नारळाचं दूध आटवतात, मग पट्ट्या पाडून, कापून, तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळतात. तो कागद तोंडात विरघळतो. आईचं मत: "आपली वडी बिघडून चिवट झाली की अशी होते." तरी सहा पाकिटं घेतली. अजगर टळला. वल्ह्याच्या होडीत मी आणि बायको बसलो, आई-अण्णा बॅटरीच्या गाडीतून पुढं. कडक भाकरी, तुमच्या एका वाक्यानं आमचा दिवस वाचला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बोटीत. थंडी नव्हती, पण अण्णांनी कानाला मफलर. पंधरा-वीस मोठ्या नावा, त्यांच्यामध्ये छोट्या नावांची ये-जा. मला वाटलं, एवढंच? अण्णा मात्र बाकावरून उठून उभेच राहिले, गाईड 'सीट, सीट' म्हणून ओरडतोय. अननसाच्या नावेशी बोट लावली. वरचा पोरगा खालच्याला दोन-दोन अननस फेकत होता आणि दोघंही तोंडानं मोजत होते. अण्णांनी बोटं मोडत मोडत गणती केली आणि म्हणाले, "बारा झाले, हा दहा म्हणतोय." मग गाईडकडून खात्री करून घेतली. खूश. "वर द्यायची पद्धत इथंबी आहे म्हणा." एक अननस हातात घेऊन बुडाशी दाबून बघितला, वास घेतला, परत ठेवला, दुसरा घेतला. बाईनं त्यांच्याकडं बघून काहीतरी म्हटलं, गाईड म्हणाला, ती विचारतेय, हे व्यापारी आहेत का?

परतताना म्हणाले, आवक कमी आहे. मी पुलांचं सांगितलं. त्यावर काही बोलले नाहीत. मग काठाला लागलेल्या एका नावेकडं बोट केलं. बांबूच्या टोकाला वाळलेली झावळी. "ही विकायची ना? किती म्हणतात विचार." गाईडला वाटलं चेष्टा करतायत. त्यानं विचारलं नाही. अण्णा वळून तिकडंच बघत होते, नाव दिसेनाशी होईपर्यंत.

जाणाऱ्यांसाठी एकच: कान थोला मुक्काम करताना हॉटेलला लिफ्ट आहे का ते आधी विचारा. आमच्या नव्हती, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर.