पवनप्रकल्पाची जागा निवडताना वारा आधी पाहावा की उपकेंद्र?

प्रश्न
दोन जागांची तुलना करीत आहे. पहिली डोंगरमाथ्यावर असून तेथे वाऱ्याचा वार्षिक सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर आहे, मात्र उपकेंद्र लांब आणि तिथवरची वाहिनी जुनी आहे. दुसऱ्या जागी वेग ६ मीटर असला, तरी मोठे उपकेंद्र शेजारीच आहे. एका मीटरसाठी जोडणीचा एवढा खटाटोप करावा का?

प्रतिसाद १
तो एक मीटर कमी लेखू नये. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७ चा घन ३४३ आणि ६ चा २१६, म्हणजे पहिल्या जागी ती सुमारे ५९ टक्के अधिक ठरते. प्रत्यक्ष निर्मितीतील फरक याहून कमी असतो, कारण पूर्ण क्षमता गाठल्यावर वारा कितीही वाढला तरी पवनचक्की जादा वीज देत नाही. वेग हबच्या, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाच्या, उंचीजवळ, निदान वर्षभर मोजला आहे ना, याची मात्र खात्री करावी. कड्यालगतचा वारा खवळलेला असतो आणि त्याचा ताण थेट पात्यांवर व गिअरबॉक्सवर येतो.

प्रतिसाद २
वाऱ्याचा हिशेब योग्य आहे, पण माझ्या मते खरा निर्णय जोडणीच्या बिंदूवर होतो. तेथील फॉल्ट लेव्हल, म्हणजे वीजजाळे (ग्रीड) त्या बिंदूवर किती बळकट आहे हे दाखवणारा आकडा, विचारून घ्या. ती २०० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) असेल आणि प्रकल्प १०० मेगावॉटचा असेल, तर या दोन आकड्यांचे गुणोत्तर केवळ २ येते. ३ पेक्षा कमी गुणोत्तर साधारणपणे कमकुवत ग्रीडचे लक्षण मानले जाते. अशा ठिकाणी वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर व्होल्टेज हलते आणि पवनचक्कीची वीज ग्रीडला जुळेल अशी करणाऱ्या कन्व्हर्टरचे नियंत्रण डळमळू शकते.

बिघाडाच्या वेळी यंत्र कधी बंद व्हावे हे ठरवणारी संरक्षणाची सेटिंग्जही तितक्याच बारकाईने पाहावीत. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषण मनोरे कोसळले आणि दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेले. पवनचक्क्या चालू स्थितीत होत्या, परंतु असे धक्के ठरावीक वेळाच सोसायचे, अशी मर्यादा त्यांच्या प्रणालीत घातलेली होती. त्यामुळे सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट निर्मिती घटली, तो भार शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर गेला, ती आपोआप बंद पडली (ट्रिप झाली) आणि जवळपास संपूर्ण राज्य अंधारात गेले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डोंगरमाथ्यावरील प्रकल्पाला बॅटरी जोडली तर भागेल का?

प्रतिसाद २
काही अंशी भागेल. वाहिनीच्या क्षमतेबाहेरची वीज साठवून ती वारा पडल्यावर सोडता येते. कमकुवत व्होल्टेजसाठी मात्र सिंक्रोनस कंडेन्सर (व्होल्टेजला आधार देणारे फिरते यंत्र) किंवा ग्रीड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (स्वतः व्होल्टेज उभे करून धरणारा इन्व्हर्टर) लागतो, नाहीतर वाहिनीच बदलावी लागते, आणि नवी वाहिनी उभी राहायला बहुधा पवनचक्क्यांपेक्षा जास्त काळ लागतो. म्हणून यंत्रांची ऑर्डर देण्यापूर्वी पारेषण कंपनीकडून लोड फ्लोचा (कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील याचा) आणि स्थिरतेचा अभ्यास लेखी घ्यावा, आणि वर्षातील किती तास निर्मिती कमी करायला सांगितले जाईल, याचा अंदाजही त्यातच मागावा. कपातीचे ते तास वजा केल्यावरही डोंगरमाथा पुढे राहत असेल, तर तीच जागा घ्यावी.