गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरचे व्यायाम: तुमचे अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण आहे. वय ६८, घर सांगलीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओ आठवड्यातून दोनदाच येणार, एरवी आम्हीच. व्यायामाचा छापील कागद मिळालाय, पण घरी प्रत्यक्षात काय होतं ते सांगा. स्वतःचं किंवा घरच्यांचं लिहा, ऐकीव नको.

गोदाकाठ
माझे दोन्ही गुडघे बदललेत. भेटायला येणारा प्रत्येक जण 'किती वाकतो?' विचारतो. सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही. पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतच चालतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. कंटाळवाणं आहे, पण हेच खरं काम. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं आणि म्हणूनच ती नको. पाय वाकलेलाच राहतो. आमच्या हिनं जादा उशा सरळ माळ्यावर टाकल्या.

करवीरची सून
सासूबाईंचं सांगते. झोपून टाच मागे सरकवताना चादरीत अडकायची. पायात मोजा आणि खाली प्लास्टिकची पिशवी, की सरसर सरकते. पावलात ओढणी अडकवून त्या स्वतःच पाय ओढायच्या. दुसऱ्यानं धरून जोर लावायचा नाही, हे फिजिओनं आम्हाला बजावलं होतं. दुखण्याची गोळी घेऊन अर्ध्या तासानं व्यायाम, नंतर कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ.
खरी अडचण पाहुण्यांची. कुणी आलं की व्यायाम बुडायचा. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली: "भावोजी, तुम्ही बोला, माझा पाय चालू दे."

मॅटवरचा
माझी केस वेगळी. कबड्डीत गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं, ऑपरेशन करून नवं बसवलं. सांधेरोपणाचा कागद लिगामेंटवाल्यांनी वापरू नये, आणि उलटही. खुर्चीत बसून पायाला वजन बांधून तो सरळ करायचा व्यायाम जिममध्ये सगळे करतात. नव्या लिगामेंटवर ताण येतो, म्हणून तो कधी सुरू करायचा हे फिजिओच ठरवतो. आणि मांडी इतकी बारीक होते की हाफ पँट घालायची लाज वाटते. भरायला महिने जातात.

निवृत्त सिस्टर
बसल्या-पडल्या पावलं वरखाली हलवायला सांगतात, तो व्यायाम क्षुल्लक समजू नका. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तो असतो. पोटरी अचानक दुखली, सुजली, गरम लागली तर चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.
जिन्यासाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, म्हणून दवाखान्यातच फिजिओकडून जिना करून घ्या. दुसरा मजला आहे तुमचा.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद, लिहीत राहा. आईचा एकच प्रश्न आहे: गणपतीत पूजेला खाली बसता येईल का?

गोदाकाठ
आमच्या सर्जननी मांडी घालायला नाही म्हटलंय. त्यामुळे चौरंग टेबलावर आणि मी खुर्चीत. आरतीला मात्र उभं राहा म्हणावं, तेवढाच व्यायाम.