इंजिनिअरिंगच्या दुसऱ्याच महिन्यात मन फिरलं: सोडावं की वर्ष काढावं?

धागाकर्ता (विश्रामबाग)
सांगलीतला अठरा वर्षांचा मुलगा. बारावीला पीसीएम, सीईटी दिली, कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) तिसऱ्या फेरीत मेकॅनिकल लागलं, घेतलं. आता ऑक्टोबर चालू आहे आणि तो म्हणतोय, हे नको, बी.एस्सी. संख्याशास्त्र करायचंय. घरचे म्हणतात, लागलेली सीट कोण सोडतं? माझं मत विचाराल तर मन नाही तिथं चार वर्षं घालवण्यात अर्थ नाही, आत्ताच बाहेर पडावं. पटत नसेल त्यांनी नेमकं बोला. ‘स्कोप नाही’ छापाचे प्रतिसाद नकोत.

कृष्णाकाठ
नाही पटत. त्यानं अजून मेकॅनिकल बघितलंय कुठं? पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास एकच असतं: गणित, भौतिक किंवा रसायन, ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग), मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, सी किंवा पायथन, वर्कशॉप. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन पुढं येतं.

ऑक्टोबरात पोरांचं मन फिरतं त्यामागं निम्म्या वेळा ग्राफिक्स असतं. त्यातलं प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स, म्हणजे घनाकृतीची समोरून-वरून दिसणारी चित्रं काढणं, घ्या. षट्कोनी पिरॅमिड, अक्ष एच.पी.शी (आडव्या प्रतलाशी) 45 अंशात आणि व्ही.पी.शीही (उभ्या प्रतलाशीही) तिरका. हे तीन टप्प्यांत काढायचं: आधी साधी उभी स्थिती, मग समोरचं दृश्य झुकवून, मग वरचं दृश्य फिरवून. पोरं पहिल्या टप्प्यात कोपऱ्यांना नंबर देत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात कुठली रेघ कुठल्या कोपऱ्याची तेच कळत नाही, शीट खोडून खोडून काळी होते आणि ‘मला इंजिनिअरिंग जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्येक बिंदूला नंबर आणि खाली-वर जाणाऱ्या प्रोजेक्टरच्या रेघा फिकट ठेवायची सवय लावली की महिनाभरात विषय सुटतो. ह्यापायी डिग्री बदलणं म्हणजे अतीच झालं.

सरासरीपेक्षा बरा
ग्राफिक्सचं मान्य. पण तो संख्याशास्त्र मागतोय ते कशाच्या जोरावर, हेही तपासा की. बारावीच्या पुस्तकातले पत्ते, फासे आणि लाल-निळे चेंडू आवडले म्हणून आलेला मुलगा पहिल्याच वर्षी गडबडतो, कारण तिथं सिद्धता असतात. साधी चाचणी सांगतो. द्विपद वितरणात (n प्रयत्न, प्रत्येकात यशाची शक्यता p) n अनंताकडे न्यायचा, np = λ स्थिर ठेवायचं आणि पॉइसनचं सूत्र स्वतः काढायचं. मग त्याच पॉइसनची सरासरी आणि प्रचरण (व्हेरियन्स), दोन्ही λ कसे येतात ते. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर) व्याख्यानं फुकट आहेत. दोन संध्याकाळी ह्यात गेल्या आणि वेळ कळला नाही, तर मुलगा खरं बोलतोय. शेवटचं उत्तर पाठ करून पुढं गेला, तर मेकॅनिकलमध्येच राहू दे.

चाचणीत टिकला तर मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूनं. यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला पदवीत संख्याशास्त्र हा विषय असावाच लागतो. मेकॅनिकलची पदवी घेऊन तो फॉर्म भरता येत नाही.

हिशेबनीस
आवडनिवड नंतर. आधी कॅलेंडर बघा, धागाकर्ता ते विसरलेत.

कॅपची कट-ऑफ तारीख उलटायच्या आत प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून फी परत मिळते. तारीख उलटली की फक्त डिपॉझिट. ऑक्टोबरात ती गेलेली असते, म्हणजे ह्या वर्षाची फी गेलीच. सोडताना कॉलेज ‘उरलेल्या वर्षांची फी भरा, मग कागद देतो’ म्हणालं तर ते नियमात बसत नाही, मूळ कागदपत्रं अडवता येत नाहीत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दुसरी गोष्ट, बी.एस्सी.चे प्रवेशही एव्हाना संपलेले असतात. आत्ता सोडलं काय आणि मेमध्ये सोडलं काय, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पुढच्या जूनलाच सुरू होणार. मग सात-आठ महिने घरी बसून काय मिळतं? आणि पुन्हा मन फिरून इंजिनिअरिंगला यावंसं वाटलं तर सीईटी नव्यानं, कारण गुण त्या वर्षापुरतेच धरतात.

धागाकर्ता (विश्रामबाग)
तारखेचा मुद्दा जबर आहे. पण मे पर्यंत थांबलं तर इथल्या पास विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) बी.एस्सी.ला कामी येतील ना? क्रेडिट बँक असते म्हणतात.

हिशेबनीस
बँकेत जमा राहतील, वटतीलच असं नाही. ग्राफिक्स आणि वर्कशॉपचे क्रेडिट संख्याशास्त्राच्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) कोण धरणार? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल ह्या आशेवर राहू नका. उलटा रस्ता मात्र आहे, बी.एस्सी. करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं.

साच्याची माती
तुम्ही सगळे मेकॅनिकल आणि संख्याशास्त्र म्हणजे दोन वेगळी गावं असल्यासारखं बोलताय. कुपवाड एमआयडीसीत नाहीतर किर्लोस्करवाडीकडं चक्कर मारा. फाउंड्रीत मातीतला ओलावा जास्त झाला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) येतात. तो ओलावा पाळीत ठरावीक वेळानं मोजायचा, पाच-पाच वाचनांचे गट करायचे, सरासरी आणि रेंजचे तक्ते काढायचे, तीन सिग्माच्या (सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवरच्या) रेषेबाहेर बिंदू गेला की मिक्सर थांबवायचा. हे संख्याशास्त्रच आहे आणि त्याला मेकॅनिकलचा माणूस लागतो. नुसतं आकड्यांचं ज्ञान असलेल्याला बिंदू बाहेर गेलेला दिसेल, का गेला ते नाही सांगता येणार.

सरासरीपेक्षा बरा
काय राव, तक्ता भरणं आणि संख्याशास्त्र करणं ह्यात फरक आहे. तीन सिग्माच का, वाचनं एकमेकांवर अवलंबून असतील तर तीच रेषा खोटा इशारा का देते, हे प्रश्न ज्याला पडतात तो मुलगा फाउंड्रीत गुदमरेल.

साच्याची माती
आणि ते प्रश्न अठराव्या वर्षी पडलेत का, एवढंच मी विचारतोय.

तासगाव नाका
दोन्ही धरून ठेवायची सोय आहे, ती कुणीच बोललं नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. दुसऱ्या पदवीबरोबर करता येतो, जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचा क्वालिफायर (पात्रता टप्पा): इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. सत्र परीक्षांच्या तारखा बघून मगच बॅच निवडावी, नाहीतर दोन्हीकडं बोंब. कॉलेजात डेटा सायन्सचा मायनर (जोडविषय) असेल तर तोही बघा. शिवाय गेटला (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला) 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा पेपर आहे, तो मेकॅनिकलवालाही देऊ शकतो.

कृष्णाकाठ
चांगलं आहे, पण एक धोका. पहिल्या वर्षाचे विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेले विषय सोबत घेऊन) दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिसऱ्याला जाताना मात्र पहिलं पूर्ण सुटलेलं लागतं. ऑनलाइनच्या नादात एम-1 (गणित-1) आणि मेकॅनिक्स राहिलं की इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया.

धागाकर्ता (विश्रामबाग)
‘आत्ताच सोडावं’ हे मत मागं घेतो, तारखांमुळे. ‘सोडावं’ हे मागं घेत नाही. पॉइसनची चाचणी दिवाळीच्या सुट्टीत त्याच्यापुढं ठेवतो. मेमध्ये सोडायचं झालं तर कागद कुठले लागतील?

हिशेबनीस
हे कॉलेज सोडल्याचा दाखला, तो नसेल तर बी.एस्सी.ला प्रवेश अडतो. बारावीची मूळ गुणपत्रिका. कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं आणि पुढचंही तिथलंच असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही, पुण्याला जाणार असेल तर लागेल. ओबीसी असेल तर नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघा, 31 मार्चला संपत असेल तर एप्रिलमध्येच नव्याचा अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग असते.