अनुभव धागा: धुराला लावण्याआधी मांसाला काय चोळता?

आपल्याकडे धूर देणं म्हणजे पातेल्यात वाटी, वाटीत निखारा, निखाऱ्यावर तूप आणि वर झाकण. दोन मिनिटांचा कारभार. इथे विचारतोय ते वेगळं. बंद डब्यात ११०-१२० अंश सेल्सिअसवर लाकडाच्या धुरात तासन् तास मांस शिजवणाऱ्यांनी आधीची तयारी सांगावी: मीठ कधी लावता, मसाला धरून ठेवायला बाइंडर कोणता, वरचा कोरडा मसाला म्हणजे रब कसला, आणि लावल्यावर किती थांबता. स्मोकर कुठला चांगला यावर आपण नंतर सावकाश भांडू. पुण्यात मिळणाऱ्या मालाबद्दल लिहिलंत तर सगळ्यांनाच उपयोग.

सुरुवात माझ्यापासून. मी जास्त करून चिकनच्या तंगड्या करतो. बाइंडर म्हणून पिवळं अमेरिकन मस्टर्ड. त्यात मुख्यतः मोहरी, व्हिनेगर, पाणी, मीठ, हळद. कासुंदी, म्हणजे बंगाली मोहरीची चटणी, घेऊ नका, ती थेट नाकात जाते. मस्टर्डचा हात इतका पातळ फिरवायचा की खालचं मांस दिसलं पाहिजे. शिजल्यावर त्याची चव शोधूनही सापडत नाही, त्यामुळे महागडी बाटली आणण्यात अर्थ नाही. डावा हात मांसाला, उजवा मसाल्याला. उजव्याने वरून भुरभुरवायचं, डाव्याने फक्त थोपटायचं. घासलं की मसाल्याचे गोळे होतात. कच्च्या चिकनचा हात लागलेला उरलेला मसाला डब्यात परत टाकायचा नाही, मग जीव कितीही कळवळो.

हिंजवडीहून

ऑस्टिनला नोकरीला होतो, तिथे जीभ बिघडली. मध्य टेक्सासात ब्रिस्केटला, म्हणजे गोमांसातल्या छातीच्या तुकड्याला, मीठ आणि जाडी मिरी, निम्मं-निम्मं. काही जण लसणाची पूड घालतात, तेवढीच चैन. इथे गाय आधीपासूनच बंद, २०१५ पासून बैलही बंद, राहिली म्हैस. तिचं मांस बहुधा कोरडं, वर चरबीचा थर नाही. म्हणून मी पोर्कच्या खांद्यावर आलो आणि सुखी आहे.

दोन गोष्टी सांगतो. मिरी मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ होतं आणि मांसावर त्याचा लगदा बसतो. खलबत्त्यात फोडायची, रव्याच्या चाळणीने चाळायची, वर राहील ती रबला आणि खाली पडेल ती ऑम्लेटला. दुसरं म्हणजे तिकडच्या पाककृतीतला चमचा जसाच्या तसा घेऊ नका. त्यांचं कोशर मीठ फुललेलं, हलकं असतं. आपलं बारीक मीठ त्याच चमच्यात कधी कधी जवळजवळ दुप्पट भरतं. काटा घ्या, वजनाने मोजा.

कॅम्पातून

पोर्कवाल्यांना अनुमोदन. शिवाजी मार्केटला खांदा मागताना चरबी अजिबात काढू नका असं आधीच सांगायचं, नाहीतर गिऱ्हाइकावर उपकार म्हणून साफ करून देतात. मला कॅन्सस सिटीकडचा गोडसर रब आवडतो. त्यांच्या पॅप्रिकाच्या जागी बेडगी, ब्राऊन शुगरच्या जागी गुळाची पावडर. रंग असा येतो की बस. डब्यात १२० अंशांपर्यंत गुळाला काही होत नाही, पण हाच मसाला लावून थेट निखाऱ्यावर धरलंत तर कडू कोळसा. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, तेव्हा तो आयत्या वेळी मिसळा.

बावधनहून

बोकडाच्या रानाबद्दल, म्हणजे अख्ख्या मांडीबद्दल, कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. पुण्यात मटण म्हणजे बहुधा बोकडच, आणि बाहेरच्या पाककृती बहुतेक मेंढीच्या कोवळ्या, चरबीवाल्या मांसाच्या. ते वेळापत्रक इथे चालत नाही.

आदल्या दिवशी रान आणलं की वरचा चिवट पांढरा पापुद्रा सुरीच्या टोकाने सोडवून काढते. तो राहिला तर मसाला त्याच्यावर बसतो आणि खाताना त्याच्यासकट सोलून निघतो. मग किलोला १२ ग्रॅमच्या आसपास मीठ, सांध्याच्या खाचांतसुद्धा. जाळीवर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये, उघडंच. पहिल्या तासाभरात मिठामुळे पाणी सुटतं आणि रान घामाघूम दिसतं. ते पुसायचं नाही. तेच खारं पाणी हळूहळू आत जिरतं. सकाळी वरचा भाग गडद, कोरडा आणि बोटाला किंचित चिकटणारा लागतो.

आत जातं ते मीठच. तिखट, धने, गरम मसाला वरच्या वरच राहतो, तुम्ही दोन दिवस मुरवा नाहीतर चार. सासूबाईंना हे पटत नाही. त्या येता-जाता सुरीने रानाला भोकं पाडून आलं-लसूण कोंबतात. मी काही बोलत नाही, लसूण चांगलाच लागतो.

बाइंडर म्हणून चक्का, रात्रभर टांगलेला, अगदी पातळ. साधं दही नको. ते ओलं राहतं आणि वरची काळपट खरपूस साल, जिला बार्क म्हणतात, ती धरतच नाही. रबमध्ये धने, जिरे, मिरी, बेडगी आणि दगडफूल, जाडसर. दगडफुलाचं धुराशी चांगलं जमतं. गोडा मसाला मी टाळते. त्यातल्या खोबऱ्या-तिळाचं तेल सुटून लेप होतो. चोळल्यावर अर्धा तास, म्हणजे मसाला ओला दिसायला लागेपर्यंत ठेवायचं आणि मग गारच धुराला लावायचं. गार, ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो. लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं. वरचा मसाला पक्का बसला, नखाने खरवडून निघेना, की कागदात गुंडाळायचं. बोकडाला चरबी कमी, उघडं ठेवलं तर शेवटी वाळतं. आत ९० अंशांच्या पुढे गेल्यावर शिरा विरघळतात.

हडपसरहून

बाइंडर हे थोतांड आहे. एकाच जनावराची दोन रानं, एकाला मस्टर्ड, दुसऱ्याला काही नाही, बाकी सगळं सारखं. पंगतीत कुणालाही ओळखता आलं नाही. मांस ओलसर असलं की मसाला आपोआप बसतो.

(धागा काढणारा)

बावधनच्या ताईंसारखं रात्री मीठ लावलेलं असेल तर मान्य. पण फ्रिजमधून काढून तासाभरात सगळं उरकायचं असेल तर गुळगुळीत चिकनवर मसाला टिकत नाही, घसरतो. तेलाचा एक वेगळा फायदा: मिरचीचा रंग तेलात उतरतो, त्यामुळे तेल लावलेलं जास्त लालभडक दिसतं. पाहुण्यांसाठी तेल, घरच्यांसाठी काहीही.

वानवडीहून

कांदा-लसूण मसाला चोळणाऱ्यांनी पाकिटावर मीठ आहे का ते बघा. तयार मसाल्यांत बऱ्याचदा असतं. आधीच मीठ लावलेल्या मांसावर तो थापला की जेवताना सगळे नुसतं पाणी मागतात. शिवाय त्यात तेल आणि भाजलेला कांदा असतोच, म्हणजे बाइंडरची गरज संपली. माझ्या मते तो शेवटच्या तासाला तुपात कालवून वरून फासावा.

शनिवार पेठेतून (मूळ मालवण)

मांसाहारात मासे येतात हे पुणेकरांच्या लक्षात आणून देतो. गणेश पेठेतून बांगडे आणा, पाठीतून चिरून उघडे करा, लिटरभर पाण्यात ६०-७० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. बाहेर काढून टिपून घ्या आणि फ्रिजमध्ये जाळीवर उघडे राहू द्या, दोन-तीन तास तरी. वर एक चकचकीत, चिकट पापुद्रा येतो. धूर त्यालाच धरतो. बाइंडर, रब काही नको, फार तर मिरी. बांगडा तेलकट असल्यामुळे धुरात कोरडा पडत नाही. पापलेटचा हट्ट धरू नका, त्याचे पैसे तळण्यातच वसूल होतात. आणि पापुद्रा धरायला पंख्याखाली ठेवायचा बेत असेल तर घरातलं मांजर आधी बाहेर काढा.