विषय: नागपूरला न्यायचं सीपॅप, आवाजाचं काय?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात नागपूरला चाललोय, पुतणीचं लग्न. धरमपेठेत सासरी उतरणार, म्हणजे हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून सगळे झोपणार हे ठरलेलंच. ह्यांना सीपॅप लागतं, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, पण घरचं मोठं मशीन न्यायचं नाही म्हणतात. छोट्या मशीनच्या माहितीत कुठे २६ डेसिबल, कुठे ३८, नेमकं काय धरायचं? सासूबाईंना टाचणी पडली तरी जाग येते.

---

वहिनी, मी सध्या नागपुरातच आहे, प्रतापनगरला, आणि एअरमिनी, म्हणजे प्रवासाचं छोटं सीपॅप, उशाशीच आहे म्हणून लिहितो. आधी तो ३८ चा घोळ. एकाच मशीनचे दोन आकडे असतात, एक साउंड प्रेशरचा, म्हणजे मीटरभर लांबून माइकला जे ऐकू येतं ते, आणि दुसरा साउंड पॉवरचा, तो साधारण ८ ने जास्त दिसतो. एअरमिनीचे ३० आणि ३८, घरी वापरायच्या मोठ्या एअरसेन्स १० चे २६.६ आणि ३४.६. एकाचा पॉवर दुसऱ्याच्या प्रेशरशेजारी ठेवला की गरीब मशीन फुकट बदनाम होतं. शिवाय मोजणी हवेचा दाब १० सेंमी (पाण्याच्या उंचीत मोजलेला) ठेवून केलेली असते, दादांचं प्रेशर त्याहून जास्त असेल तर आवाजही चढणार.

पण खरी कटकट मोटरची नाहीच, मास्कजवळच्या भोकांतून हवा सुटते ना, ती फुस्स. मेमध्ये कूलरच्या घरघरीत मशीन चालू आहे की बंद हे कोणाला कळत पण नाही जी, डिसेंबरात मात्र सगळं चिडीचूप असतं, म्हणून दादांना भिंतीकडच्या कडेला झोपवा, तोंड भिंतीकडे, आणि मशीन टेबलावर नुसतं न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, फक्त हवा आत घ्यायची जागा झाकू नका.

कोणी जुनं ड्रीमस्टेशन गो, तेही प्रवासाचं सीपॅपच, स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका, जून २०२१ मध्ये फिलिप्सनं परत बोलावलेल्या मॉडेलांत ते होतं, आवाज दाबायला आत बसवलेल्या फोमचाच भुगा होऊन श्वासात जायची भीती. अॅडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो, पिनेचं तेवढं बघा. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं येणार असाल तर बॅटरी ठेवाच, रात्री डब्यातल्या चार्जिंग पॉइंटच्या भरवशावर राहू नका.

---

भिंतीकडची गादी बुक केली, सासूबाईंना दुसऱ्या टोकाला पाठवते 😄 मास्क ह्यांचा एफ२० आहे, तोच चालेल ना?

---

मास्क तोच चालेल, पण एअरमिनीला जोडायचा एफ२० चा सेटअप पॅक वेगळा घ्यावा लागतो, नेहमीची नळी त्याला बसत नाही. निघायच्या आधी घरीच दोनचार रात्री लावून बघा म्हणावं दादांना.